बायपासला स्टिरॉइड देणार म्हणतात, अण्णांना शुगर आहे. तातडीने मदत हवी

सातरस्ता: गुरुवारी ऑपरेशन, इथेच सोलापुरात. भूलतज्ज्ञ म्हणाले, हृदय थांबवून रक्त फिरवणाऱ्या मशीनवर घेतल्यावर अंगात सूज येते, ती कमी राहावी म्हणून स्टिरॉइड देऊ. तिथं मान डोलावली, बाहेर येऊन घाबरलो. द्यायचं की नको एवढंच सांगा. लवकर.

चादरवाला: वय? एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, किती? गोळ्या कुठल्या? सगळं खिशात ठेवून उत्तर मागताय.

दंडबैठक: अजिबात घेऊ नका. आमच्या जिममधल्या पोराचं लिव्हर गेलं स्टिरॉइडनं.

चादरवाला: ते वेगळं बे. ते दंड फुगवायचं. हे सूज उतरवायचं, डेक्सामेथासोन नाहीतर मिथाइलप्रेडनिसोलोन.

वॉर्डसात: हार्टच्या आयसीयूत सिस्टर होते, आता निवृत्त. मशीनवर रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरतं, शरीराला ते परकं वाटतं आणि आतून सगळीकडे दाह उठतो. पायाला येते तशी सूज नव्हे. स्टिरॉइडनं तो दाह उतरतो, हे खरं. पण माणूस त्यानं जास्त वाचतो का? नेदरलँड्समध्ये ४,४९४ रुग्णांवर डेक्सामेथासोन तपासलं (२०१२). मृत्यू, पक्षाघात वगैरे धरून ठोस फरक नाही. व्हेंटिलेटर जरा लवकर सुटला, संसर्ग कमी झाले. २०१५ मध्ये ७,५०७ जणांवर मिथाइलप्रेडनिसोलोनचा अभ्यास आला, त्यातही फायदा नाही. उलट हृदयाच्या स्नायूला इजा थोडी जास्तच दिसली. म्हणून कुणी देतं, कुणी देत नाही. शुगर मात्र चढते, ती आयसीयूत इन्सुलिननं धरतात.

भीमातीर: अभ्यास गेले खड्ड्यात. माझ्या सासऱ्यांना दिलं, तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात चालत होते.

चादरवाला: न देताही तिसऱ्या दिवशी चालवतातच.

कडकभाकरी: जन आरोग्य योजनेत बसतंय का बघा. रेशनकार्ड, आधार न्या. आणि नंतर शेंगाचटणी बंद, मीठ फार असतं.

भीमातीर: चटणी बंद मग सोलापुरात राहायचं कशाला?

सातरस्ता: चटणीचं राहू द्या हो! वय ६४, तीन ब्लॉक, एचबीए१सी ८.१. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या चालू आहेत. गुडघ्याची पुडी तेवढी आठ दिवसांपूर्वी बंद केली.

वॉर्डसात: कसली पुडी?

सातरस्ता: बाजारात एकजण देतो, आयुर्वेदिक. अण्णांची हयात यंत्रमागावर उभं राहण्यात गेली, गुडघे कामातून गेलेत. वहीच्या कागदाच्या घडीत पांढरी पूड आणि अर्धी गुलाबी गोळी. घेतली की दोन तासांत जिना चढायचे. चार वर्षं रोज. औषध नाही म्हणून डॉक्टरांना सांगितलं नाही.

वॉर्डसात: चेहरा गोल झालाय का? बंद केल्यापासून थकवा, मळमळ?

सातरस्ता: गाल भरलेत, आम्ही तब्येत सुधारली म्हणत होतो. आठवडाभर उठवत नाही, काल उलटी झाली. ऑपरेशनचा धसका घेतलाय वाटलं.

वॉर्डसात: आत्ता उठा आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगा. सकाळची वाट बघू नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. रोज बाहेरून मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे ताण झेलायला लागणारं शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, करणं जवळजवळ सोडून देतात. मग पुडी एकदम थांबली आणि त्यावर ऑपरेशनचा ताण आला, की बीपी कोसळू शकतं. त्यांना स्टिरॉइड द्यावं लागेलही, पण ते दाहासाठी नव्हे, कमी पडलेलं कॉर्टिसोल भरून काढायला. उरलेली पुडी सोबत न्या. आपल्या मनानं परत चालू करू नका.

दंडबैठक: म्हणजे स्टिरॉइड वाईटच ना, मी तेच म्हणत होतो.

सातरस्ता: सांगितलं, सिस्टर. डॉक्टरांनी पुडी उलगडून बघितली, मला दोन शब्द सुनावले आणि फाइलवर लाल पेनानं लिहिलं. सकाळी कॉर्टिसोल तपासणार, गुरुवारचं नंतर ठरवू म्हणाले. अण्णा म्हणतायत पुडीवाल्याचं नाव घेऊ नको, भला माणूस आहे.

चादरवाला: कुठला बाजार? आमची आईपण एकाकडून पुडी आणते.