पुण्यात ४२ जणांचं रात्रीचं जेवण: हॉटेल कसं निवडावं?

कर्वेनगरकर
आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होताहेत. शनिवारी रात्री घरच्या ४२ जणांना जेवायला न्यायचंय. त्यात ११ जण सत्तरीच्या पुढचे, ६ लहान मुलं आणि ५ जण जैन जेवण घेणारे. शाकाहारीच, दारू नाही. ताटामागे ८०० रुपयांपर्यंत चालेल. डेक्कन, कर्वे रोड, कोथरूड या पट्ट्यात बघतोय. थाळी, बुफे की टेबलावर ऑर्डर? आणि हॉटेलवाल्याशी आधी नेमकं काय ठरवून घ्यावं?

मुदपाकखाना
टेबलावर बसून ज्याने-त्याने ऑर्डर द्यायची, हे ४२ जणांत करू नका. एरवी उत्तम जेवण देणारं हॉटेलही इथे कोलमडतं आणि बहुतेक वेळा कारण तंदूर असतो. एका वेळी त्यात आठ-दहा रोट्या लागतात, लावण्यापासून काढेपर्यंत तीनेक मिनिटं. माणशी अडीच धरल्या तर १०५ रोट्या, म्हणजे अकरा ते चौदा खेपा. तंदूर फक्त तुमच्यासाठी चालला तरी अर्धा-पाऊण तास गेला, आणि शनिवारी नऊ वाजता तो फक्त तुमच्यासाठी चालणार नाही. त्यात पनीर टिक्का आणि तंदुरी मशरूम दोन्ही घेतलंत तर त्यांच्या सळयाही त्याच भट्टीत. मग भाजी निवत बसते आणि लोक रोटीची वाट बघतात.

म्हणून मेनू आधी ठरवा, आणि काम वेगवेगळ्या शेगड्यांवर वाटलं जाईल असा ठरवा. एक स्टार्टर तंदूरचा, एक तळणीचा, एक चायनीजचा. तंदुरी रोटीबरोबर तव्यावरचे फुलके मागा. ज्येष्ठांना बटर नान नको, टोपलीत पाच मिनिटं राहिला की चिवट होतो. त्यांच्यासाठी साधं वरण आणि दहीभात वेगळा सांगून ठेवा.

प्लेटवर हिशेब असेल तर अंदाज असा: टिक्क्याच्या प्लेटीत साधारण सहा ते आठ तुकडे, चौघांत एक प्लेट. तीन स्टार्टर असतील तर प्रत्येकी १० प्लेटी पुरतात. दोन भाज्या आणि एक डाळ असेल तर त्याही चौघांत एक. ताटामागे दर ठरला असेल तर स्टार्टर मोजून की हवे तितके, हे आधी विचारा. खरा वाद तिथेच होतो.

जैन जेवणाचं त्याच दिवशी सांगून भागत नाही. लाल, पिवळी, पांढरी ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात झालेली असते. काजू-मगजाच्या (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बियांच्या) पांढऱ्या ग्रेव्हीतसुद्धा बहुतेक ठिकाणी उकडलेला कांदा असतो. निदान एक दिवस आधी सांगा. ‘कांदा-लसूण नको’ एवढंच म्हणू नका; बटाटा, गाजर, आलंही नको, हे स्पष्ट सांगा.

पेठेतला
थाळीबद्दल. टिळक रोडवरच्या दुर्वांकुरसारख्या डायनिंग हॉलमध्ये वाढप झपाझप होतं, पोळ्या गरम येतात, ज्येष्ठांना ओळखीचं जेवण मिळतं. फक्त जेवणच करायचं असेल तर याहून सोयीचं काही नाही. पण तिथे जेवून उठायचं असतं. केक, ओवाळणं, चार शब्द बोलणं, यासाठी टेबल अडवता येत नाही, आणि ४२ जण एकत्र बसतीलच असंही नाही. तुमच्या कार्यक्रमाला हॉटेलची वेगळी खोली किंवा छोटा हॉल, आणि ठरलेला मेनू टेबलावर वाढून, हे बरं. बुफेत सत्तरीच्या माणसाला ताट सावरत रांगेत उभं राहावं लागतं.

पसंतीचं हॉटेल आधीच्या शनिवारी पावणेनऊला जाऊन बघा. मंगळवारी दुपारी बघून काही कळत नाही. दारापासून टेबलापर्यंत पायऱ्या किती, लिफ्ट त्या मजल्यापर्यंत जाते का, कमोड आहे का आणि तिथली फरशी ओली असते का, हे स्वतः चालून बघा. बुटके सोफे टाळा, गुडघेदुखीवाल्यांना उठता येत नाही. हाताच्या खुर्च्या मागा. चाळीस जणांची एकच लांब रांग लावली की दोन टोकं एकमेकांशी बोलतच नाहीत, म्हणून दहा-अकरा जणांची चार टेबलं करून घ्या आणि आई-बाबांचं मधे ठेवा. एसीचा झोत आणि स्पीकर ज्येष्ठांच्या डोक्यावर नको.

४२ माणसं म्हणजे दहा-बारा गाड्या. व्हॅले (हॉटेलचा माणूस गाडी लावून देतो ती सोय) असेल तर गाड्या कुठे लावतात ते विचारा. वनाजकडून येणाऱ्या तरुण मंडळींना मेट्रोने डेक्कनला उतरायला सांगा.

हिशेबनीस
दर ‘सगळं धरून’ किती, ते लेखी घ्या. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के. पण ज्या मुक्कामी हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात एखाद्या खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर गेलं असेल, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. तुमच्या ३३,६०० रुपयांवर एकीकडे १,६८० आणि दुसरीकडे ६,०४८. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरल्या. लावलाच तर काढायला सांगा, ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आकडा देताना ‘गॅरंटी’ ३८ सांगा आणि तयारी ४५ ची मागा. कमी आले तरी गॅरंटीचे पैसे द्यावेच लागतात, जास्त आले तर ताटामागे वाढतात. पक्का आकडा कधीपर्यंत द्यायचा, मुलांचा दर किती, ॲडव्हान्स किती आणि रद्द झाल्यास परत किती, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. फोनवरचं बोलणं काउंटरवरच्या माणसापर्यंत पोचत नाही. बाटलीबंद पाणी कुणीही न मागता टेबलावर उघडलं जातं, त्यामुळे साधं पाणी हवं हे आधीच सांगा.

कर्वेनगरकर
खूप उपयोग झाला, मनापासून आभार. केक बाहेरून आणला तर? आणि वेळ किती वाजताची द्यावी?

मुदपाकखाना
केक चालतो का आणि कापून वाढायचे पैसे घेतात का, ते विचारा. किलोत दहा-बारा जण धरा, जेवणानंतर गोड आहेच तर तीन किलो पुरे. बिनअंड्याचा घ्या. जैन मंडळींसाठी त्यात प्राणिजन्य जिलेटिन नाही ना, हेही बेकरीला विचारा. हॉटेलच्या फ्रीजमध्ये जागा आहे का बघा, नाहीतर क्रीम वितळतं.

वेळ साडेसातची द्या, स्टार्टर पावणेआठला. केक स्टार्टरनंतर लगेच कापा. तेवढ्या वेळात तुमच्या पहिल्या रोट्या इतरांची गर्दी सुरू व्हायच्या आत तंदूरला लागतात.