ऑर्वाल: चार महिन्यांची बाटली आणि दोन वर्षांची बाटली, दोन्हींच्या चवीत एवढे अंतर कशामुळे?

प्रश्न – मुठाकाठ

नमस्कार. कामानिमित्त वर्षभरासाठी ब्रसेल्सला आलो असून इथल्या बिअर एकेक करून, वहीत नोंदी ठेवत चाखतो आहे. पुण्यात असताना गव्हाची बिअर माझ्या विशेष आवडीची होती आणि तिच्यातला पिकलेल्या केळ्याचा व लवंगेचा वास आता अगदी ओळखीचा झाला आहे. ऑर्वाल या बेल्जियममधल्या मठात बनणाऱ्या बिअरने मात्र मला बुचकळ्यात टाकले आहे.

पहिली बाटली भरून चार महिने झाले होते. रंग तांबूस नारिंगी, फेस सायीसारखा दाट आणि शेवटपर्यंत टिकणारा. वासात संत्र्याची साल, नुकतेच कापलेले गवत आणि किंचित मिरे होते. घोट घेताच माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, हलका गोडवा जाणवला आणि लगेच स्वच्छ, ठाम कडवटपणा आला. दुसरी बाटली दोन वर्षांपूर्वी भरलेली होती. ओतताना फेस चषकाबाहेर येऊ पाहत होता, वास वाळलेल्या पेंढ्याचा आणि नव्या कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचा होता, गोडवा नावालाही उरला नव्हता आणि कडवटपणाच्या जागी लिंबाच्या सालीसारखा कोरडा आंबूसपणा आला होता. लेबल तेच, बाटलीही तीच असताना दुसरी बाटली बिघडलेली होती असे समजायचे का? आणि आपण ही बिअर कोणत्या वयाची पसंत करता?

प्रतिसाद – जवाचा दाणा

आपली बाटली बिघडलेली नव्हती. उलट तिचे इतके नेमके वर्णन आपण केले आहे की ती मी स्वतः चाखल्यासारखे वाटले. ऑर्वालच्या मठात पहिली आंबवण नेहमीच्या यीस्टने होते. त्यानंतर टाक्यांमध्ये मुरत असताना तिच्यात कोरडे हॉप्स (बिअरला कडवटपणा व सुगंध देणारी एका वेलीची फुले) घालतात आणि ब्रेटॅनोमायसिस नावाचे दुसऱ्या जातीचे यीस्टही तिच्यात काम करू लागते. नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळीच्या शर्कराही हे यीस्ट सावकाश खात राहते, आणि ते काम बाटली बंद झाल्यावरही थांबत नाही. आपल्या दोन बाटल्यांमधले सगळे अंतर यातून उलगडते: उरलीसुरली शर्करा संपल्यामुळे चव कोरडी झाली, त्यातून वायू तयार झाल्यामुळे फेस उसळला, आणि चामडे, पेंढा व गोठ्याची आठवण करून देणारे वास या यीस्टच्या कामातूनच आले. लेबलावर मद्यार्क ६.२ टक्के लिहिलेला असतो, पण बिअर मुरत जाते तसा तो थोडा वाढतो. हॉप्सचा ताजा सुगंध मात्र काळाबरोबर विरत जातो, त्यामुळे संत्र्याची साल आपल्याला दुसऱ्या बाटलीत सापडली नाही.

या यीस्टचे वर्णन १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत नील्स क्लाउसेन यांनी केले. इंग्लंडमधल्या मुरवलेल्या बिअरमध्ये ते त्यांना सापडले, म्हणून नावाचा अर्थही ‘ब्रिटिश बुरशी’ असाच आहे. वाइन करणारे बहुतेक लोक त्याला शत्रू मानतात. ऑर्वालमध्ये तेच यीस्ट बिअरचा स्वभाव घडवते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

प्रतिसाद – ल्यूवेनकर

माझे उत्तर अनुभवाचे आहे. तीन वर्षांपूर्वी मी एकाच तारखेला भरलेल्या बारा बाटल्या घेतल्या, तळघरात अंधारात उभ्या ठेवल्या आणि दर तीन महिन्यांनी एक उघडत गेलो. पहिले सहा महिने हॉप्सचेच राज्य होते. नवव्या महिन्याच्या बाटलीत पेंढ्याचा वास प्रथमच जाणवला, पण संत्र्याची सालही जागेवर होती. जणू घरात जुने आणि नवे अशा दोन्ही पिढ्या एकत्र नांदत होत्या. वर्षाच्या आसपासची बाटली मला सर्वांत आवडली. कडवटपणा गोलाई घेऊन आला होता, चामड्याचा वास होता पण तो अंगावर येत नव्हता, आणि घोट गिळल्यानंतर जिभेवर सुंठीसारखी कोरडी ऊब बराच वेळ रेंगाळत होती. दोन वर्षांनंतरच्या बाटल्या मला रोचक वाटल्या, पण तितक्या हव्याहव्याशा वाटल्या नाहीत.

दोन गोष्टी आवर्जून सांगतो. ही बिअर शीतकपाटातून काढून लगेच पिऊ नका, कारण गारठ्यात तिचा वास मिटून जातो. बारा ते चौदा अंश सेल्सिअस तापमान तिला मानवते. तळाशी बसलेला गाळ पहिल्या चषकात ओतू नका. तो वेगळा चाखून पाहा, म्हणजे त्याच्यामुळे चवीत काय बदलते हे कळेल.

प्रतिसाद – वाटसरू

वर्षभर मुरलेल्या बाटलीचे कौतुक मी नेहमी वाचतो, पण माझे मत वेगळे आहे आणि ते मठाला भेट दिल्यानंतर पक्के झाले. बेल्जियमच्या दक्षिण टोकाला, फ्रान्सच्या सीमेजवळ व्हिलेर-द्वां-ऑर्वाल या गावी हा मठ आहे. त्याचे जुने अवशेष आणि १९२६ पासून नव्याने उभारलेली वास्तू शेजारीशेजारी आहेत. बांधकामाला पैसा हवा म्हणून १९३१ साली मद्यशाळा सुरू झाली. मठाचे वास्तुविशारद ऑन्री व्हास यांनीच तो रुंद तोंडाचा चषकही घडवला, त्यामुळे त्या चषकातून पिताना त्या इमारतीचाच एक भाग हातात असल्यासारखे वाटते.

चिन्हावरचा अंगठी तोंडात धरलेला मासा आपण पाहिलाच असेल. इटलीतल्या टस्कनीची शासक माटिल्डा हिची अंगठी तिथल्या झऱ्यात पडली आणि माशाने ती परत आणून दिली, अशी आख्यायिका आहे. मराठी माणसाला ती ऐकताना शकुंतलेची अंगठी आठवतेच. मठाजवळच्या उपाहारगृहात मी अगदी ताजी बाटली घेतली, सोबत मठातच केलेले चीज होते, आणि हॉप्सचा तो टवटवीत, हिरवा, फुलांसारखा वास मला नंतर कुठल्याही मुरलेल्या बाटलीत मिळाला नाही. हॉप्स घालण्यासाठी तिथे एवढे कष्ट घेतले जात असताना त्यांचा सुगंध विरून जाईपर्यंत आपण का थांबावे, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. तिथेच ऑर्वालची एक हलकी, कमी मद्यार्काची बिअरही मिळते. तीही अवश्य चाखावी.

प्रतिसाद – जवाचा दाणा

वाटसरू यांचा मुद्दा मला मान्य आहे, फक्त एक सावधगिरी सुचवतो. ऑर्वाल मुरते म्हणून प्रत्येक बिअर मुरवावी असा अर्थ कोणी काढू नये. आपल्या आवडीची गव्हाची बिअर ताजीच प्यावी, कारण केळ्याचा तो वास काही महिन्यांतच ओसरतो. बाटली खरोखर बिघडल्याची चिन्हे वेगळी असतात: भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर हवेने शिळी झालेली असते, आणि स्कंक या प्राण्यासारखा उग्र दर्प आला तर तिला उजेड लागलेला असतो.

आपण ब्रसेल्सलाच आहात, तर आंडरलेख्टमधली काँतियों ही १९०० साली सुरू झालेली मद्यशाळा अवश्य पाहा. तिथे धान्याचा उकळलेला रस उथळ तांब्याच्या कढईत रात्रभर थंड होत ठेवतात आणि हवेतली यीस्ट आपणहून त्यात उतरतात, म्हणून हे काम थंडीच्या महिन्यांतच चालते. एक, दोन आणि तीन वर्षांच्या पिंपांतली बिअर मिसळून तिथे गुझ ही आंबट बिअर बनते. ब्रेटॅनोमायसिस तिच्यातही आहे, पण सोबतीला आंबट करणारे जिवाणूही असल्यामुळे चव थेट कैरीच्या दिशेने जाते. ऑर्वाल आणि गुझ एकाच संध्याकाळी शेजारी ठेवून चाखल्यास कोणता वास यीस्टचा आणि कोणता आंबटपणा जिवाणूंचा, हे वेगळे करता येईल.

प्रतिसाद – मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल चौदा महिन्यांची एक बाटली मिळाली, ती तासभर बाहेर ठेवून गाळाशिवाय ओतली. संत्र्याची साल अंधुक होती, चामडे होते, आणि मधल्या घोटात सुंठीची ती ऊब मलाही सापडली. गाळ वेगळा चाखला तेव्हा चव एकदम जाडसर आणि भाकरीच्या पिठासारखी झाली. वाटसरूंनी सांगितलेल्या फुलांच्या वासासाठी आता महिन्याभराच्या बाटलीच्या शोधात आहे. आंडरलेख्टला शनिवारी जातो आहे.