केस टिकले म्हणून नाव मिळालं

अनोळखी मृतदेहांच्या जुन्या, न सुटलेल्या प्रकरणांविषयी 'इतक्या जुन्या प्रकरणांत आता काय हाती लागणार', असं म्हटलं जातं; ते मत मला पटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या 'सॉमर्टन मॅन' या नावाने ओळखल्या गेलेल्या अनोळखी मृताचंच बघा. १ डिसेंबर १९४८ला ॲडलेडजवळच्या किनाऱ्यावर मृतदेह सापडला, कपड्यांवरची लेबलं काढलेली, खिशात 'तमाम शुद' (फारसीत 'संपलं') छापलेला कागदाचा कपटा. हेरगिरीच्या कथा पुढे सत्तर वर्षं रंगल्या. पण धागा मिळाला तो त्याच्या चेहऱ्याच्या प्लास्टरच्या साच्यात अडकून राहिलेल्या केसांतून! त्यांतल्या डीएनएवरून दूरचे नातेवाईक शोधत प्रा. डेरेक ॲबट आणि वंशावळतज्ज्ञ कॉलीन फिट्झपॅट्रिक २०२२मध्ये कार्ल वेब या नावापर्यंत पोचले. १९०५मध्ये मेलबर्न परिसरात जन्मलेला माणूस. तो मेला कसा, हे मात्र अजूनही उलगडलेलं नाही, आणि नुसत्या डीएनएवरून ते उलगडणारही नाही.

नॉर्वेतल्या बर्गनजवळ १९७०मध्ये जळालेल्या अवस्थेत सापडलेल्या स्त्रीचा जबडा जपून ठेवला होता, म्हणूनच कित्येक दशकांनी दातांतल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू; त्यांचं प्रमाण जागेनुसार बदलतं) तिचं बालपण कुठे गेलं असावं याचा अंदाज बांधता आला. नाव अजून नाहीच.

म्हणून मला खुनी कोण, विष कुठलं, या तर्कांपेक्षा पुरावे नीट जपले गेले का, हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. नमुना एकदा फेकला की पुढचं कुठलंही तंत्र निरुपयोगी. आणि बेपत्ता माणसाच्या घरच्यांनी आपला डीएनए नमुना पोलिसांकडे जरूर द्यावा, कारण बेवारस अवशेषांशी जुळवायला समोर काहीतरी असावं लागतं.