श्वास चालणे, घेणे, रोखणे, कोंडणे

प्रश्न: श्वासोच्छ्वास ही ‘अनैच्छिक क्रिया’ असं पाठ्यपुस्तकात असतं. पण श्वास मनात आलं की रोखता येतो. मग अनैच्छिक कसं? आणि ‘रोखणे’ व ‘कोंडणे’ एकच का?

प्रतिसाद: ‘अनैच्छिक’ अर्धंच खरं आहे. मराठीने इथे दोन क्रियापदं ठेवली आहेत. झोपलेल्या माणसाचा श्वास ‘चालू असतो’. छाती तपासताना डॉक्टर सांगतात तो श्वास आपण ‘घेतो’. चालणाऱ्या श्वासाची लय मस्तिष्कपुच्छ, म्हणजे मेंदूचा सगळ्यात खालचा भाग, राखतं, विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा. घेतलेल्या श्वासाचा हुकूम प्रमस्तिष्कातून, म्हणजे मेंदूच्या वरच्या मोठ्या भागातून, सुटतो. गंमत म्हणजे श्वासपटलाचा (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याचा) स्नायू हातापायांच्या स्नायूंच्याच जातीचा, म्हणजे ऐच्छिक. हृदयासारखी स्वतःची लय त्याला नाही. मज्जातंतूंकडून संदेश आला नाही तर तो निपचित पडून राहतो. तेव्हा क्रियेला अनैच्छिक म्हणा हवं तर, स्नायूला म्हणू नका.

प्रतिसाद: रोखणारा आपण असतो. कोंडतो तो आपोआप, धुराने किंवा घशात काही अडकल्याने. ‘मी श्वास कोंडला’ असं क्वचितच कोणी म्हणेल.

प्रश्नकर्ती: मग ‘प्राणवायू संपत आला की रोखलेला श्वास सुटतो’ हे वाक्य चालेल?

प्रतिसाद: नाही चालणार. त्या क्षणी रक्तात प्राणवायू बऱ्यापैकी शिल्लक असतो. साचतो तो कार्बन डायऑक्साइड. त्याने मेंदूभोवतालच्या द्रवाची आम्लता वाढते, मस्तिष्कपुच्छाला ते लगेच कळतं आणि श्वासपटल आपल्याला न विचारता आचके देऊ लागतं. म्हणूनच बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेणं घातक. कार्बन डायऑक्साइड आधीच उतरलेला असतो, त्यामुळे वर येण्याची ओढ उशिरा लागते आणि तोवर प्राणवायू कमी पडून पाण्यातच शुद्ध हरपते. प्राणवायूवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आहे, पण ती मुख्यतः मानेतली धमनी जिथे दुभागते तिथे, आणि पातळी बरीच घसरल्याशिवाय ती फारशी बोलत नाही. त्या जागेवरच्या संशोधनासाठी शरीरक्रियाशास्त्रज्ञ कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ सालचं नोबेल मिळालं.

प्रतिसाद: श्वासाच्या शब्दांच्या या यादीत ‘उसासा’ही घ्या. आपण तो दुःखाच्या किंवा सुटकेच्या खात्यावर टाकतो, पण मनात काहीही नसताना शरीर तासाला अनेकदा उसासे टाकतं. मिटत चाललेले वायुकोश, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या, त्या मोठ्या श्वासाने पुन्हा फुगतात. हा चालणाऱ्या श्वासातला, म्हणून त्याला ‘घेणे’ लावत नाहीत.