फेब्रुवारीतील मधुचंद्र : सेरेंगेटीची सफारी आधी की झांझिबारचा समुद्र?

नवी_पायवाट यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे लग्न जानेवारी २०२७ च्या अखेरीस आहे आणि मधुचंद्रासाठी १२ ते २३ फेब्रुवारी असे मोजके दिवस आम्हा दोघांच्या हाती आहेत. जंगलाचे वेड मला आणि समुद्राचे त्याला, त्यामुळे दोन्ही एकाच प्रवासात देणारा देश म्हणून टांझानिया आम्ही जवळजवळ नक्की केला आहे. माहिती वाचून मी जो आराखडा केला तो असा : आरुशाला उतरून तारांगिरे, लेक मन्यारा आणि न्गोरोन्गोरो येथे प्रत्येकी एक रात्र, त्यानंतर सेरेंगेटीत दोन रात्री आणि शेवटी झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर चार रात्री. लाखो प्राणी मगरींच्या तावडीतून मारा नदी पार करतात ते दृश्य लहानपणापासून पडद्यावर पाहत आले आहे, त्यामुळे ते प्रत्यक्ष पाहता यावे अशी माझी फार इच्छा आहे. नकाशावर केनियाचे मसाई मारा सेरेंगेटीला अगदी लागूनच दिसते, तेव्हा एक दिवस तिकडे डोकावून येता येईल का, हेही सांगावे. लग्नाच्या धावपळीनंतर लगेचच निघायचे असल्याने फार दमछाक होऊ नये, एवढी अपेक्षा मात्र आहे.

गवताळ यांचा प्रतिसाद

सर्वप्रथम अभिनंदन. आता थोडी निराशा करतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल. मारा नदीचे ते दृश्य फेब्रुवारीत दिसत नाही. वाइल्डबीस्ट या गुरांसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणवर्गीय प्राण्याचे कळप पावसामागून येणाऱ्या गवताच्या मागे वर्षभर फिरत असतात. ते उत्तर सेरेंगेटीत आणि मारा नदीच्या परिसरात साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात असतात, आणि तुम्ही जाल तेव्हा नेमके दुसऱ्या टोकाला, दक्षिणेकडील न्दुतूच्या मैदानांवर पसरलेले असतात. मसाई माराबद्दल म्हणाल तर नकाशावरील शेजार फसवा आहे, कारण तिथली सीमा कळपांसाठी खुली असली तरी पर्यटकांसाठी नाही. नामांगा किंवा इसेबानिया या नाक्यांवरून भला मोठा वळसा घालावा लागतो, त्यात दोन दिवस सहज जातील. तो विचार सोडून द्यावा.

मात्र निराशेचे कारण मुळीच नाही, कारण जे दिसणार आहे ते माझ्या मते नदीच्या दृश्यापेक्षा सरस आहे. न्दुतूच्या परिसरातील जमिनीत ज्वालामुखीची राख मिसळलेली असल्याने तिथले आखूड गवत कॅल्शियम आणि फॉस्फरसने समृद्ध असते, आणि म्हणूनच माद्या विण्यासाठी नेमक्या याच मैदानांवर येतात. सुमारे पंधरा लाखांच्या या समुदायातील बहुतेक पिल्ले फेब्रुवारीच्या आगेमागे अवघ्या काही आठवड्यांत जन्माला येतात. इतकी पिल्ले एकदम आली की सिंह, तरस आणि चित्त्यांनी कितीही खाल्ली तरी बहुसंख्य वाचतात, असा त्यामागचा निसर्गाचा हिशेब आहे. जन्मलेले पिल्लू काही मिनिटांत उभे राहते आणि धडपडत आईमागे पळू लागते. हे गाडीच्या खिडकीतून अर्धा तास शांतपणे पाहायला मिळाले, तर नदीची आठवणही होणार नाही. शिवाय न्दुतूचा जो भाग न्गोरोन्गोरो संरक्षित क्षेत्रात मोडतो, तिथे गाडी मळलेली वाट सोडून प्राण्यांच्या जवळ नेता येते, जी मुभा सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात नसते.

आता आराखड्याविषयी. रोज सामान बांधून नवी जागा गाठायची, हे मधुचंद्रातच काय, एरवीही करू नये. तारांगिरे हे हत्तींसाठी आणि गोरखचिंचेच्या अवाढव्य झाडांसाठी प्रसिद्ध आहे खरे, पण तिथे प्राण्यांची गर्दी होते ती जून ते ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत, जेव्हा पाणी फक्त नदीत उरते. फेब्रुवारीत बरेचसे कळप उद्यानाबाहेर पांगलेले असतात. मन्याराही सोडा. त्याऐवजी न्गोरोन्गोरोच्या कडेवर किंवा जवळच्या कराटू गावात एक रात्र, न्दुतूत तीन आणि मध्य सेरेंगेटीत सेरोनेरा भागात दोन, असे करावे. न्गोरोन्गोरोचे विवर सुमारे २६० चौरस किलोमीटरचे आणि जवळपास ६०० मीटर खोल आहे. तिथे काळा गेंडा दिसण्याची आशा धरता येते, जिराफ मात्र शोधू नका, तो त्या उभ्या कड्यांवरून खाली उतरतच नाही. कडा समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच असल्याने पहाटे चांगलीच थंडी असते, स्वेटर हाताशी ठेवा. आणि विवरातील जेवणाच्या जागी डबा गाडीतच बसून खा, कारण तिथल्या घारी हातातला घास अलगद उचलून नेतात, हे मी माझ्या उकडलेल्या अंड्याची किंमत देऊन शिकलो आहे.

एक खर्च मात्र टाळू नका : गाडी फक्त तुमच्या दोघांची असू द्या. अनोळखी चौघांबरोबर वाटून घेतलेल्या गाडीत, तुम्हाला ज्या पिल्लापाशी थांबायचे असते त्याच वेळी कुणाला तरी बिबट्या शोधायला पुढे जायचे असते.

खारा_वारा यांचा प्रतिसाद

गवताळ यांनी जंगलाचा भाग उत्तम मांडला आहे, त्यामुळे मी समुद्राबद्दलच लिहिते. झांझिबारचा पूर्व किनारा, म्हणजे पाजे, जांबियानी वगैरे भाग, फार सुंदर आहे, परंतु तिथला किनारा उथळ असल्याने ओहोटीला पाणी खूप आत जाते आणि पोहायचे तर तासन्‌तास वाट पाहावी लागते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, हा फरक सर्वाधिक असतो. तुमच्या तारखांकडे पाहा : २० फेब्रुवारी २०२७ ला पौर्णिमा आहे आणि तुम्ही किनाऱ्यावर १९ ते २३ असणार आहात, म्हणजे नेमके उधाण गाठले आहे. याउलट १४ तारखेच्या आसपास अर्धा चंद्र असल्याने भांगाची, म्हणजे सौम्य, भरती-ओहोटी असेल आणि पाणी त्या मानाने कमी हटेल.

म्हणून माझी सूचना अशी की क्रम उलटा करावा : आधी झांझिबार, मग सफारी. सगळेजण जंगल आधी आणि किनारा नंतर असे सांगतात आणि सर्वसाधारणपणे ते बरोबरही आहे, पण तुम्ही लग्नाच्या दगदगीतून थेट येणार आहात. पहाटे पाचला उठवणाऱ्या सफारीआधी चार दिवस निवांत झोप मिळाली, तर जंगलात डोळे उघडे राहतील. भरीस भर म्हणून पौर्णिमा न्दुतूच्या उघड्या मैदानावर मिळेल. तंबूच्या पडवीत बसून चांदण्यात हलणारे कळप ऐकणे, होय, ऐकणेच, कारण रात्रभर त्यांचे हंबरणे थांबत नाही, याला मधुचंद्र हा शब्द अगदी शब्दशः लागू पडतो.

क्रम बदलायचा नसेल, तर निदान पूर्वेऐवजी उत्तरेचे नुंग्वी किंवा केंद्वा निवडा, तिथे ओहोटीतही पोहण्याजोगे पाणी राहते. गर्दी मात्र तिथे जास्त आहे. मला स्वतःला पूर्व किनाऱ्याची ओहोटीही आवडते. पाणी ओसरल्यावर गावातील स्त्रिया समुद्रशेवाळाच्या शेतीवर काम करायला आत जातात, त्यांच्या मागोमाग आपणही बरेच दूर चालत जाऊ शकतो. पायांत रबरी बूट हवेत, नाहीतर समुद्री अर्चिनचे काटे तळव्यात मोडतात.

चारपैकी एक रात्र स्टोन टाउनमध्ये काढा. २००० साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या या जुन्या शहराच्या गल्ल्यांतून आणि कोरीव दरवाज्यांमधून नकाशा बाजूला ठेवून भटकण्यातच मजा आहे. २०२७ मध्ये रमजान ८ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होत आहे, त्यामुळे तुमचे सगळे दिवस रमजानचे असतील. दिवसा गावातील बरीचशी खाण्याची ठिकाणे बंद असतील आणि उघड्यावर खाणेपिणे अनुचित दिसेल. किनाऱ्यावरील हॉटेलांत तशी अडचण येत नाही. शहरात फिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, ही अपेक्षा तर बारा महिने असते. संध्याकाळी उपवास सुटल्यावर मात्र सारे शहर जागे होते, ते अवश्य पाहा.

म्नेम्बा बेटाजवळ स्कूबा डायव्हिंग करणार असाल, तर शेवटचे डायव्हिंग आणि पुढचे विमान यांत किमान १८ तासांचे अंतर ठेवा. आधी समुद्र आणि मग जंगल असा क्रम घेतल्यास ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागेल, कारण लहान विमानालाही हा नियम लागू आहे.

दुसरी_बाजू यांचा प्रतिसाद

खारा_वारा यांचे चंद्राचे गणित बिनचूक आहे, तरी मी क्रम उलटा करण्याच्या विरोधात आहे. सफारीत अंगावर बसलेली धूळ, कच्च्या रस्त्यांवरचे हादरे आणि पहाटेची उठाठेव यांनंतर समुद्र मिळतो तेव्हा त्याची जी किंमत कळते, ती आधी कळत नाही. आम्ही आधी किनारा केला होता आणि शेवटच्या दिवशी धुळीने माखलेले कपडे पिशवीत कोंबून, पाठ धरून परतीच्या विमानात बसलो.

शिवाय केनियाला इतक्या सहज बाजूला सारू नये असे वाटते. फेब्रुवारीत मोठे कळप मसाई मारात नसतात हे मान्य, परंतु तिथले सिंह, चित्ते आणि हत्ती कुठे जात नाहीत. माराला लागून मसाई लोकांच्या जमिनीवर जी खासगी संरक्षित क्षेत्रे आहेत, तिथे गाड्या मोजक्याच असतात आणि रात्रीची सफारी किंवा वाटाड्याबरोबर पायी भटकंतीही करता येते. मुख्य अभयारण्यात माणशी दिवसाला जुलैपासून २०० डॉलर शुल्क असते, ते जानेवारी ते जून १०० डॉलर असते. तिथून लहान विमानाने केनियाच्याच समुद्रकाठच्या उकुंडाला उतरले की दियानीचा किनारा काही मिनिटांवर आहे. दोनच मुक्काम आणि मधे एकच प्रवास, यापेक्षा सोपा मधुचंद्र मला तरी माहीत नाही.

औषधपेटी यांचा प्रतिसाद

क्रम कोणताही ठरवा, कागदपत्रांचा क्रम मात्र चुकवू नका. केनिया हा भारताच्या पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे, टांझानियाचे काय ते निघण्याआधी तपासून घ्या, कारण यादीतील देशातून परतताना लसीचे प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी वैध होते. लग्नाच्या आठवड्यात ताप आणि दुखरा दंड नको असेल, तर हे काम डिसेंबरमध्येच उरका. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर ग्राह्य धरली जाते. ही लस जिवंत विषाणूची असल्याने गर्भधारणेची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी स्पष्ट सांगावे. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबतही तेच, कारण त्या प्रवासाच्या आधी सुरू करून परतल्यावरही काही काळ घ्यायच्या असतात आणि कोणती गोळी योग्य ते डॉक्टरच ठरवू शकतात.

टांझानियाचा पर्यटक व्हिसा संकेतस्थळावरून मिळतो, त्याचे शुल्क ५० डॉलर आहे आणि तोच झांझिबारलाही चालतो. त्याखेरीज १ ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारमध्ये उतरणाऱ्या परदेशी प्रवाशाला तिथल्या सरकारी विमा कंपनीचा ४४ डॉलरचा प्रवासविमा घ्यावाच लागतो, मग स्वतःचा दुसरा विमा असला तरीही. केनिया, युगांडा आणि रवांडा यांचा जो संयुक्त व्हिसा आहे त्यात टांझानिया नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणि लग्नानंतर नाव बदलणार असाल, तर ते परतल्यावर बदला. तिकीट, व्हिसा आणि लसीचे प्रमाणपत्र या तिन्हींवर पासपोर्टवरचेच नाव हवे.

नवी_पायवाट यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. नदीचा हट्ट सोडला, आणि खरे सांगायचे तर पिल्लांबद्दल वाचल्यावर तो आपोआपच सुटला. क्रमावरून आमच्या घरातही दोन तट पडले होते, पण पौर्णिमेच्या मुद्द्यावर समुद्रवाला पक्षच फितूर झाला. आता १२ तारखेला थेट झांझिबारला उतरून एक रात्र स्टोन टाउन आणि तीन रात्री जांबियानी, १६ ला विमानाने आरुशा गाठून त्याच दिवशी कराटू, १७ ला विवर पाहून न्दुतूकडे, तिथे २० च्या सकाळपर्यंत मुक्काम, आणि शेवटच्या दोन रात्री सेरोनेरा, असे योजले आहे. यात काही चुकते आहे का?

गवताळ यांचा प्रतिसाद

एक गोष्ट चुकते आहे. पौर्णिमेसाठी क्रम उलटा केलात आणि पौर्णिमेच्याच सकाळी न्दुतू सोडता आहात. सेरोनेराची एक रात्र कमी करून ती न्दुतूला द्या. तिथून निघायचे ते २१ ला, आणि २२ ला सेरोनेराहून विमानाने आरुशाला येऊन रात्र तिथेच काढा, म्हणजे २३ चे परतीचे विमान धावतपळत गाठावे लागणार नाही.

या लहान विमानांत सामान बहुधा माणशी १५ किलोच चालते, तेही मऊ पिशवीत, कारण टणक बॅग त्यांच्या पोटात मावत नाही. लग्नातले सामान घरीच ठेवा. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा चपला गुंडाळायलाही कापडी पिशवी घ्या. कपडे खाकी किंवा फिक्या रंगाचे असावेत. गर्द निळा आणि काळा रंग त्सेत्से माशीला ओढून घेतो, आणि ती जाड कापडातूनही चावते.