स्पायडरमॅन एक्सबॉक्सवर का नाही?

हळदवाले_काका (सांगली):
थोरल्याला दहावीला बरे मार्क पडले, म्हणून कबूल केल्याप्रमाणे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, एक्सबॉक्स घेतला. दुकानदाराला दोनदा विचारलं, "यावर स्पायडरमॅन चालेल ना?" "सगळं चालतंय काका, बिनधास्त न्या." घरी आणून वायरी जोडल्या, तासभर शोधलं, स्पायडरमॅन कुठेच नाही. पोराचं तोंड एवढंसं झालं. आता दुकानदार म्हणतो, "ते सोनीचं हाय, मी काय करू?"

तीस वर्षं मार्केट यार्डात राजापुरी हळद विकतोय. माल चार गिऱ्हाइकांना दाखवला तर भाव येतो, एवढंच मला कळतं. मग हे लोक आलेलं गिऱ्हाईक दारातून परत का पाठवतात? आणि हा डबा बदलून घेऊ का?

जुना_पार्लरवाला (सातारा):
काका, राजवाड्याजवळ माझं गेम पार्लर होतं. चार पीएस-टू (म्हणजे प्लेस्टेशन-टू), तासाला २० रुपये, आणि कंट्रोलरचं बटण दाबून दाबून खड्डा पडलेला. त्यामुळे थोडं सांगू शकतो.

तुम्ही हळदीकडे बघताय, अडतीकडे बघा. एक्सबॉक्स मायक्रोसॉफ्टचा, प्लेस्टेशन सोनीचं. डब्यावर कंपनीला फारसं सुटत नाही. कमाई पुढे आहे. त्यांच्या दुकानातून जो गेम विकला जाईल, त्यावर साधारण ३० टक्के अडत कापतात, मग गेम कुणाचाही असो. एकदा पोरगं त्यांच्या यार्डात शिरलं की पाच-सात वर्षं तिथंच खरेदी करणार. स्पायडरमॅन म्हणजे यार्डाच्या दारात लावलेला फलक. त्या एका गेमचं निम्मं गिऱ्हाईक गेलं तरी सोनीला चालतं.

गंमत बघा. तो गेम बनवणारा इन्सोम्नियाक स्टुडिओ आधी कुणाच्याच बांधावरचा नव्हता. २०१४ मध्ये त्यांनीच 'सनसेट ओव्हरड्राइव्ह' मायक्रोसॉफ्टसाठी, एक्सबॉक्सवर काढला होता. मग २०१८ ला सोनीसाठी स्पायडरमॅन केला, तो तुफान चालला, आणि २०१९ मध्ये सोनीने २२.९ कोटी डॉलरला अख्खा स्टुडिओच घेतला. म्हणजे आधी पीक बघितलं, मग रान घेतलं.

सगळेच रान विकत घेत नाहीत. ऊसतोडीच्या मुकादमाला उचल देतात तसंही चालतं: पैसे घ्या, एक हंगाम फक्त आमच्याकडे. 'राइज ऑफ द टूम्ब रेडर' नोव्हेंबर २०१५ ला एक्सबॉक्सवर आला, पीएस-फोरवर यायला ऑक्टोबर २०१६ उजाडलं. मारिओचं मात्र सोडा, त्याची कंपनी निन्टेन्डो स्वतःचा डबा विकते, तो दुसऱ्याच्या डब्यावर पाठवत नाही.

बांधावरचा_गेमर (कराड):
पार्लरवाले दादा बरोबर, पण गोष्ट २०१९ वरच थांबवलीत. मायक्रोसॉफ्टने 'कॉल ऑफ ड्यूटी' हा गेम काढणाऱ्या ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड कंपनीचा सौदा ६८.७ अब्ज डॉलरला केला. सोनीने आरडाओरड केली, सरकारी यंत्रणांनी अडवून धरलं, शेवटी 'कॉल ऑफ ड्यूटी' प्लेस्टेशनवर दहा वर्षं देत राहू असा करार करावा लागला. २०२५ मध्ये तर मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम 'फोर्झा होरायझन ५' पीएस-फाइव्हवर आला. एवढे पैसे मोजून माल शेजाऱ्याच्या फडताळात! मोठ्या गेमला आता खर्चच इतका येतो की एकाच डब्याच्या गिऱ्हाइकांवर भागत नाही.

काका, डबा बदलू नका. तोट्यात जाईल. स्पायडरमॅन २०२२ मध्ये पीसीवरही आलाय. घरात ग्राफिक्स कार्डवाला कॉम्प्युटर असेल तर काम होईल. ऑफिसचा लॅपटॉप मात्र मोजू नका.

जुना_पार्लरवाला (सातारा):
हे पटलं. माझं पार्लर २०१२ ला बंद झालं, तेव्हा सोनीचा गेम पीसीवर म्हटलं असतं तर पोरं हसली असती.

हळदवाले_काका (सांगली):
अडतीचं लगेच डोक्यात शिरलं, आभार. घरी कॉम्प्युटर आहे तो हिशेबाचा, टॅली उघडतानाच धापा टाकतो. दुकानदार बदलून द्यायला तयार नाहीच. पण काल रात्री धाकट्याने तो फोर्झा लावला, आणि आमच्या मातोश्री जपमाळ बाजूला ठेवून "अरे डावीकडं घे, डावीकडं" करत साडेअकरापर्यंत बसल्या होत्या. थोरला अजून फुगलेलाच आहे.