मदत हवी आहे: मेथोट्रेक्सेट आणि अ‍ॅडालिमुमॅब चालू असताना टमी टक (पोटाची सैल कातडी काढण्याचं ऑपरेशन)?

सुदामानगर_इंदूर: वहिनीसाठी विचारतोय. वय 38, र्‍हुमॅटॉइड संधिवात, सांधे सध्या शांत. मेथोट्रेक्सेट 15 मिग्रॅ आठवड्यातून एकदा, प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) 5 मिग्रॅ रोज, अ‍ॅडालिमुमॅब 40 मिग्रॅ दर पंधरा दिवसांनी. सर्जन म्हणतात, "सगळं महिनाभर बंद करा." गणपतीनंतरची तारीख मिळतेय. खरंच सगळं बंद करायचं?

रामबागवाला: नाही हो. मेथोट्रेक्सेट सहसा चालूच ठेवतात. ते थांबवलं आणि नेमके टाक्यांच्या दिवसांत सांधे भडकले, तर वहिनींना पलंगावरून उठणं मुश्कील. प्रेडनिसोलोन तर एकदम तोडायचंच नाही. बरेच दिवस घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टिरॉइड कमी बनवतं, मग भूल दिल्यावर बीपी कोसळू शकतं. ऑपरेशनच्या सकाळीही नेहमीचा डोस घ्यायचा आणि भूलतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवायचं.

गॅप द्यायचा तो अ‍ॅडालिमुमॅबच्या इंजेक्शनला, ते प्रतिकारशक्ती दाबतं. शेवटचं 1 तारखेला घेतलं असेल तर 15 चं टाळायचं आणि ऑपरेशन 16 ते 21 च्या दरम्यान. पुढचं इंजेक्शन ऑपरेशननंतर साधारण 14 दिवसांनी, तेही टाके निघाले, लाली नाही, स्राव नाही, असं असेल तरच. हा हिशेब 2022 च्या अमेरिकन मार्गदर्शिकेतला, गुडघा-खुबा बदलण्यासाठीचा. पोटाच्या ऑपरेशनला तोच अंदाजाने लावतात. म्हणून संधिवाताच्या डॉक्टरांकडून तारखांसकट चिठ्ठी लिहून घ्या, तोंडी निरोप नको.

सुदामानगर_इंदूर: सोबत लायपोही (नळीने चरबी ओढून काढणं) सुचवलंय.

तोपखाना_४५२: एकाच बैठकीत दोन्ही नकोच, माझं स्पष्ट मत. टमी टकमध्ये पोटाची कातडी उचलून खाली ओढतात. बेंबीखाली मधोमध, टाक्यांच्या रेषेशी, रक्तपुरवठा सर्वांत तोकडा. जखम उसवते ती बहुधा तिथेच, आणि स्टिरॉइडमुळे ती आणखी हळू भरते. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) 24 तासांत 30 मिलीच्या खाली येईपर्यंत काढायची घाई नको.

ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, या औषधांत तो दबतो. तीन-चार आठवड्यांनी गाठ किंवा चिकट स्राव आला आणि साध्या अँटिबायोटिकने हटला नाही, तर पू एएफबी कल्चरला (टीबीच्या जातीचे जंतू शोधणारी तपासणी) पाठवायला सांगा. नळाच्या पाण्याने धुतलेल्या उपकरणांतून त्याच जातीचे जंतू, मायकोबॅक्टेरिया, शिरतात आणि नेहमीच्या कल्चरमध्ये बरेचदा सापडत नाहीत. लायपोची नळी ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) होते का, हे आधीच विचारा.

आणि डिस्चार्जच्या कागदावर को-ट्रायमोक्सॅझोल हे अँटिबायोटिक दिसलं तर तिथेच थांबवा. मेथोट्रेक्सेटसोबत ते रक्तपेशी धोकादायकरीत्या खाली आणू शकतं.

सुदामानगर_इंदूर: चिठ्ठीशिवाय तारीख घेत नाही आता.